वॉरंटी : उपकार नव्हे, वचन

(खडकवासला येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खडकवासल्याची ओळख जशी धरणामुळे आहे, तशीच ती येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेमुळेही आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात आरंभ झालेल्या या संस्थेत धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती उभारून त्यांवर पाणी सोडले जाते. बांधकाम कोठे कमी पडेल, हे तेथे कोणाच्या पदावरून वा आवाजावरून ठरत नाही. ते मोजमापावरून ठरते. आजचा विषय मोटारीच्या सदोष भागाचा आणि नाकारलेल्या वॉरंटीचा आहे. त्याचे मर्मही हेच आहे.

रविवारी धरणाकडे येणाऱ्या वाहनांच्या रांगेत अलीकडे एखादी किमती स्पोर्ट्स कारही दिसते. तिचा गिअरबॉक्स वर्षभरात निकामी झाला आणि मालक वॉरंटीचा कागद घेऊन गेला, तर त्याला उत्तर मिळते, "गाडी जोरात पळवली असेल, दोष वापराचा आहे, भागाचा नव्हे." हप्ते भरून लहान मोटार घेणाऱ्या शिक्षकालाही हेच उत्तर मिळते. किमती गाडीचा तंटा हा धनवंतांचा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेणे म्हणूनच योग्य नाही. त्या तंट्यात न्यायालय जे तत्त्व घालून देते, ते उद्या शिक्षकाच्याही उपयोगी पडते.

मुंबईच्या क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपनीचे प्रकरण पाहावे. तिने आपल्या व्यवस्थापकीय संचालकांसाठी मर्सिडीज गाडी घेतली होती. २००६ च्या जानेवारीत तिला अपघात झाला. पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत आणि संचालक जखमी झाले. तक्रार गेली ती या गाड्या बनवणाऱ्या, आज चाकणला कारखाना असलेल्या कंपनीविरुद्ध. एअरबॅग ठरावीक प्रकारच्या आघातातच उघडतात, हा उत्पादकाचा बचाव. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये सेवेतील त्रुटीबद्दल ५ लाख आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२४ रोजी तो कायम केला. सुरक्षेची जाहिरात करायची आणि तिच्या मर्यादा पुरत्या सांगायच्या नाहीत, ही अनुचित प्रथाच होय, असा त्याचा आशय आहे. पण अपघातापासून अंतिम निकालापर्यंत अठरा वर्षे गेली, हेही विसरता येत नाही. कंपनी ती लढू शकली. सामान्य कुटुंबाला तेवढी उसंत कोठून मिळणार?

अशाच एका खटल्यात, ह्युंदाई कंपनीच्या क्रेटा गाडीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२२ रोजी ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. आघाताचा वेग आणि जोर यांची गणिते मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रज्ञ असावा, अशी अपेक्षा धरता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला. तथापि प्रत्येक वेळी नवी गाडी मिळते, असा समज नसावा. २००६ साली मारुती कंपनीच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की, वॉरंटीच्या अटींत सदोष भाग बदलून देण्याचीच हमी असेल, तर ग्राहकाला संपूर्ण गाडी मागता येत नाही. म्हणून वॉरंटीचा कागद तंटा उद्भवल्यावर नव्हे, गाडी घेतानाच वाचावा.

बाहेरच्या गॅरेजात काम केल्याचे कारण देऊनही दावा नाकारला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात या प्रथेला हात घातला. बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली, तेवढ्यापुरतीच वॉरंटी रद्द करता येईल, असे त्यात म्हटले होते. हा आदेश पुढे अपिलांत गेला. परंतु त्यातील न्याय उघड आहे. बाहेर आरसा बदलला म्हणून गिअरबॉक्सची हमी कशी संपेल?

ग्राहकाला बळ देणाऱ्या चळवळीचे एक उगमस्थान याच पुणे परिसरात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तो दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. आता २०१९ चा कायदा लागू आहे. राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. स्पोर्ट्स कारचा तंटा यामुळे एकदम वरच्या पायरीवर जाऊ शकतो. मुदत मात्र सर्वांना सारखीच, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

शेवटी कर्तव्याचे. दोष दिसताच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेचे जॉबकार्ड जपावे. दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे. काढलेला भाग छायाचित्राविना आणि पावतीविना परत देऊ नये, कारण तोच साक्षीदार असतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. सामान्यतः ४५ दिवसांत अहवाल यावा, अशी तरतूद आहे. भाग भंगारात गेला, तर प्रयोगशाळा तरी काय तपासणार? १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्रथम सल्लाही मिळतो.

काउंटरवर आवाज चढवणारे पुष्कळ असतात. पावत्यांची फाइल नीट लावणारे थोडे. अठरा वर्षांचा खटला टिकला तो कागदांवर. कंपनीने दिलेली वॉरंटी हा उपकार नव्हे, किमतीतच मोजून घेतलेले वचन आहे. ते पाळून घ्यायचे, तर या गावातील प्रयोगशाळेची सवय घराघरांत यायला हवी : आधी नोंद, मग तपासणी, आणि शेवटी ठाम मागणी.