अंगाई आणि इमारती

दिवाळीत दिवाळ्याचा विषय काढतोय, माफ करा.

‘जेपर्डी’च्या शेवटच्या प्रश्नाला वाजणारी तीस सेकंदांची धून आठवते ना? हा कार्यक्रम काढणाऱ्या मर्व ग्रिफिनने ती मुलासाठी अंगाई म्हणून रचली होती.

१९८६ साली त्याने आपली टीव्ही कंपनी कोका-कोलाला २५ कोटी डॉलर्सना विकली आणि इमारतींच्या धंद्यात शिरला. १९८७ साली बेव्हर्ली हिल्टन हॉटेल घेतलं. १९८८ साली डोनाल्ड ट्रम्पशी झुंजून, डोक्यावर प्रचंड कर्ज घेऊन, अटलांटिक सिटीचं ‘रिसॉर्ट्स’ मिळवलं. १९८९ साली त्या कंपनीचं दिवाळं वाजलं!

अंगाईचे हक्क मात्र त्याने विकले नव्हते. ती शेवटपर्यंत त्याला पैसे देत राहिली.

मीही दुसऱ्या घराच्या कर्जाचे कागद भरत होतो. आता बायकोला म्हटलं, थांबूया जरा.