'लाल दिवा भेटला का?'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मुंबईत किंवा नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी असला, की आमच्या परभणीत चहाच्या हॉटेलापासून कोर्टाच्या आवारापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : 'काय भाऊ, जिल्ह्याला लाल दिवा भेटला का?' गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले. आपल्या बोलण्यातून मात्र ते अजून उतरलेले नाहीत. दिवा मिळाला तर फटाके, नाही मिळाला तर मराठवाड्यावर अन्याय! पण मिळालेलं खातं कोणतं, त्या खात्याचं काम या माणसाला ठाऊक आहे का, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

मी कवी आहे. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. 'मंत्री' या शब्दात मंत्र आहे आणि मंत्र म्हणजे मसलत, विचारपूर्वक दिलेला सल्ला. आमच्या घरात उर्दूही बोलली जाते, तिथं मंत्र्याला 'वझीर' म्हणतात. अरबीत ओझ्यासाठी जो शब्द आहे, त्याच कुळातला हा शब्द मानला जातो. वझीर म्हणजे राज्याचं ओझं खांद्यावर घेणारा. एका भाषेनं मंत्र्याला शहाणपण दिलं, दुसरीनं ओझं दिलं. आणि आपण आज कोणता शब्द वापरतो? 'मलईदार खातं'! लोकांचा मंत्र्यांवरचा विश्वास किती उडाला आहे, हे मोजायला वेगळ्या पाहणीची गरज नाही. हा एक शब्द पुरेसा आहे.

आता परभणीचंच उदाहरण घ्या. जिल्ह्याचा पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. रस्ते, शाळाखोल्या, दवाखाने यांच्यासाठी जिल्ह्याला मिळणारा निधी या समितीतून वाटला जातो. 2020 साली नवाब मलिक आमचे पालकमंत्री झाले, ते मुंबईचे. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांना अटक झाली आणि जबाबदारी परळीच्या धनंजय मुंडे यांच्याकडे आली. त्याच वर्षी सरकार बदललं आणि सप्टेंबरात परंड्याचे तानाजी सावंत आले. ऑक्टोबर 2023 मध्ये उदगीरचे संजय बनसोडे आले. जानेवारी 2025 मध्ये जिंतूरच्या मेघना बोर्डीकर यांची नेमणूक झाली, तेव्हा कुठं जिल्ह्यातलं माणूस त्या खुर्चीवर बसलं. पाच वर्षांत पाच पालक! ज्या घरात दर वर्षाला पालक बदलतो, त्या घरातल्या पोरांचं काय होतं, हे मी सांगायला नको.

यात या पाच जणांपैकी कुणाच्या लायकीचा प्रश्न मी काढत नाही. प्रश्न असा, की यांतल्या कुणाला जिल्हा समजून घ्यायला तरी वेळ मिळाला का? पालममध्ये पाणी कधी आटतं, गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात एसटी कुठवर जाते, हे कळायलाच एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागतो. मग लोक त्यांना 'झेंड्यापुरते पालकमंत्री' म्हणतात. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि आपला सतरा सप्टेंबर. चार झेंडे, चार भाषणं.

हे केवळ थट्टेचं असतं, तर मी आज हा विषय घेतला नसता. 10 डिसेंबर 2024 रोजी आमच्या शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. 15 तारखेला न्यायालयीन कोठडीत असलेला कायद्याचा एक विद्यार्थी मरण पावला. त्याच दिवशी नागपुरात 39 मंत्र्यांनी शपथ घेतली. नवं सरकार 5 डिसेंबरला आलं होतं, पालकमंत्र्यांची यादी मात्र 18 जानेवारीला जाहीर झाली. म्हणजे परभणी ज्या दिवसांत सर्वांत जास्त दुखावलेली होती, नेमक्या त्याच दिवसांत तिला पालकमंत्री नव्हता. कोणता जिल्हा कुणाला, याची वाटणी व्हायची होती. नेते येऊन गेले, सभागृहात चर्चाही झाली. पण गल्लीगल्लीत बसून दोन्ही बाजूंचं ऐकणारं, अधिकाऱ्यांना जाब विचारणारं, हक्कानं 'आमचं' म्हणावं असं सरकारचं माणूस कुणीच नव्हतं.

राज्याचंही तेच. 30 जून 2022 ला दोघांनी शपथ घेतली आणि 9 ऑगस्टपर्यंत, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ दोघांचंच होतं. जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. तो वाद बाजूला ठेवू. त्यावरचा उपाय पाहा. 31 जुलैला त्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं दिलं गेलं! त्यावर राज्यभर विनोद झाले. पण परभणीत कृषी विद्यापीठ आहे आणि भोवती सोयाबीन-कापसाचं रान आहे. इथल्या शेतकऱ्याला त्यात हसण्यासारखं काय होतं? त्याला एवढंच कळलं, की शेती आणि खेळ ही सरकारच्या लेखी अदलाबदल करण्याजोगी दोन खाती आहेत.

अशा वेळी काही लोक म्हणतात, 'मंत्र्यांना शिक्षणाची अट घाला.' मला ते पटत नाही. मीही बी.ए.च आहे, पण पदवीनं शहाणपण येत असतं तर आपण कधीच सुखी झालो असतो. वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण बेताचंच होतं, तरी 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचं दार त्यांनीच उघडलं. त्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम झाले, पण निर्णय घेणारा माणूस होता. आणि आपले शंकरराव चव्हाण. पाटबंधारे खात्यात त्यांनी वर्षानुवर्षं काढली. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला झाली, धरणाचं उद्घाटन 1976 ला. आज डाव्या कालव्याचं पाणी पाथरी-मानवतच्या शिवारात येतं, ते एका वर्षाच्या मंत्र्याचं काम नव्हे. पूर्वी सगळं सोन्याचं होतं असं नाही. तेव्हाही गट होते, रुसवेफुगवे होते. पण खातं आणि माणूस यांची गाठ बसायला वेळ दिला जाई.

आपल्या संसदीय पद्धतीचं माहेर इंग्लंड. तिथंही हेच दुखणं आहे. 2022 च्या जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत तिथं पाच जण शिक्षणमंत्री झाले. त्यांतल्या एक बाई तर दोन दिवसही राहिल्या नाहीत. शाळेतला शिपाईसुद्धा एवढ्यात वर्गखोल्या ओळखत नाही! तिथल्या लोकांचाही राजकारण्यांवरचा विश्वास उडत चालला आहे, त्याचं नवल वाटू नये.

कायद्यानं काही केलं नाही असं नाही. 2003 च्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. आपल्या 288 आमदारांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह 43 मंत्री होऊ शकतात. डिसेंबर 2024 मध्ये 42 झाले. किती मंत्री, हे कायदा सांगतो. कोण, कशासाठी आणि किती काळ, हे तो सांगत नाही. ते विभाग, जात, पक्ष आणि गट यांच्या त्रैराशिकात ठरतं. विभागांना, समाजांना वाटा मिळाला पाहिजे, हे मी अल्पसंख्य समाजातला माणूस म्हणून आवर्जून सांगेन. पण वाटा मिळाला म्हणजे काम झालं, असं नाही. आमच्या समाजाचा मंत्री झाला म्हणून मोहल्ल्याच्या शाळेला शिक्षक मिळतोच असं नाही आणि नसेल मिळाला, तर मंत्री आपला आहे म्हणून गप्प बसायचं का?

उपाय फार मोठा नाही. खातं देताना मुख्यमंत्र्यांनी दोन ओळींत सांगावं : हे काम याच व्यक्तीकडे का? आणि आपण विचारावं : नियोजन समितीच्या बैठका वर्षात किती झाल्या, काय ठरलं, किती निधी अखर्चित राहिला? माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. साधा अर्ज आणि दहा रुपयांचा स्टँप, एवढंच लागतं.

तेव्हा पुढच्या शपथविधीला चहाच्या हॉटेलात 'लाल दिवा भेटला का?' असं कुणी विचारलं, तर त्याला म्हणावं : 'भेटला असंल बापा, पण त्याच्या उजेडात काम काय दिसणार, ते सांग.'