गंजलेल्या कॉन्टेसाचं काय करायचं?

तंजावरहून बोलतोय. माझ्या मागे जी लांबलचक पांढरी गाडी दिसते आहे ती हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा, १९८९ सालची. कॅमेरा लावायला आलेला मुलगा तिला अँबॅसिडर म्हणाला. त्याचं वय बावीस, त्यामुळे त्याला माफ केलं. पण तुमच्यातही बरेच जण त्याच्या वयाचे असतील, म्हणून आधी गाडीची ओळख करून देतो.

स्वतःबद्दल थोडक्यात. मी मूळचा कराडचा. सैन्यात ईएमईमध्ये होतो, म्हणजे रणगाड्यापासून पाण्याच्या टँकरपर्यंत जे जे बंद पडतं ते चालू करून देणारी शाखा. पत्नी तंजावरची, इथे राहिलेल्या जुन्या मराठी घरातली. लग्नात तिच्या माहेरची मराठी ऐकून माझी आई आधी हसली, मग गप्प झाली आणि म्हणाली, "माझी आजी अशीच बोलायची गं." निवृत्तीनंतर आम्ही इथेच स्थायिक झालो.

तर, कॉन्टेसा. अमेरिकेत 'मसल कार' म्हणून एक प्रकार गाजला. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण: मध्यम आकाराची गाडी, पण आत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, सव्वातीनशे अश्वशक्ती. आपल्याकडे तेव्हा पेट्रोल जपून जाळायचे दिवस, त्यामुळे तसं काही झालं नाही. १९८४ मध्ये बंगालच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाहेर पडली. मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, १९७० च्या दशकातला. लांब बॉनेट, रुंद छाती, पुढे जोडदिवे. पोरं लगेच तिला हिंदुस्थानी मसल कार म्हणू लागली. आत मात्र अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, पन्नासेक अश्वशक्तीचं. शरीर पैलवानाचं, काळीज कारकुनाचं! पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, ८८ अश्वशक्ती मिळाली, तेव्हा कुठे अंगाला साजेसा जोर आला. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. मागे उभी आहे ती इसुझूवालीच.

ही गाडी माझी नाही. डेहराडूनच्या अकादमीत माझ्याबरोबर असलेल्या मित्राची आहे. तो पट्टुकोट्टैजवळचा, नारळाची बाग असलेल्या घरातला, पुढे पायदळात गेला. २०१६ मध्ये तो गेला. गाडी बागेतल्या शेडमध्ये उभी राहिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं, आणि पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागातल्या नारळबागा एका रात्रीत आडव्या झाल्या. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं पोसलेली झाडं गेली. गाडीकडे कोण बघणार? शेडचं छप्पर बॉनेटवर कोसळलं ते तसंच राहिलं. पुढचे चार पावसाळे तिनं उघड्यावर काढले. आणि इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, पाणी साचून राहणारा. समुद्रही फार लांब नाही.

२०२२ च्या अखेरीस भाभींचा फोन आला. सैन्यात आम्ही मित्रांच्या बायकांना भाभीच म्हणतो, मग ती तमिळ असो की नागा. म्हणाल्या, "भंगारवाला दारात उभा आहे, पंचवीस हजार देतो म्हणतो. तुम्ही एकदा बघून हो म्हणालात तर देऊन टाकते." मी बघायला गेलो. हो म्हणालो नाही.

आता गंजाबद्दल बोलतो, कारण मला मेल येतात ते बहुतेक त्याबद्दलच. मराठीत गंज म्हणजे भांडंसुद्धा आणि लोखंडाला लागणारा रोगसुद्धा. इथे तमिळमध्ये त्याला तुरु म्हणतात. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की काम सुरू, मीठ असेल तर भरभर. ॲल्युमिनियमवर जो थर धरतो तो आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि आत सरकत राहतो. शिवाय मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा खातो, म्हणून रंगाखाली फोड दिसतात. वर रुपयाएवढा फोड दिसला तर खाली पोळीएवढी जागा गेलेली असते, असं धरून चालायचं.

कॉन्टेसाला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच सांगाडा. त्यामुळे बॉनेट चेपलं ते काहीच नव्हतं. खरा घोर होता दोन्ही दारांखाली, उंबऱ्यासारख्या ज्या पोकळ पेट्या असतात त्यांचा. त्यांना सिल म्हणतात. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. डाव्या बाजूचं मागचं दार उघडलं की पुन्हा बसेना, याचा अर्थ गाडी मधोमध झुकायला लागली होती.

तंजावरात एक टिंकरकाम करणारे मेस्त्री आहेत, सत्तरीला आलेले. दक्षिणेत पत्र्याच्या कामाला टिंकरिंगच म्हणतात. तरुणपणी करूरला बसच्या बॉडी बांधायचं काम केलेला माणूस. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गेले, बाजारात माठ वाजवून घेतात तसा. जिथे आवाज बद्द आला तिथे खडूनं फुली. मी खिशातलं लोहचुंबक काढून पडताळलं. जिथे फुली होती तिथे चुंबक चिकटेना, कारण खाली पत्रा नव्हताच, पुट्टी होती. पूर्वी कधीतरी कुठल्याशा गॅरेजनं गंज न काढता वरून लिंपण केलं होतं. नंतर आम्ही ती सगळी पुट्टी खरवडून तराजूवर ठेवली. नऊ किलो भरली.

सिल कापण्याआधी एक गोष्ट करावीच लागते, ती ध्यानात ठेवा. गाडी चारही बाजूंनी सारख्या टेकूवर घ्यायची, दाराच्या चौकटीत लोखंडी आडपट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करायच्या आणि मगच कापायचं. तेही एक बाजू पूर्ण करून दुसरी. दोन्ही एकदम कापल्या तर गाडी केळ्यासारखी वाकते, आणि ती पुन्हा सरळ करणं कुणाच्या बापाला जमत नाही. मेस्त्रींनी नवीन सिल सपाट पत्र्यातून हातानं घडवले. त्याला अकरा दिवस लागले. मी रोज सकाळी जाऊन बसायचो. ते बोलत नसत, मीही नाही.

बारीक सुट्या भागांसाठी मी घरच्या गच्चीवर विजेची टाकी लावली. प्लास्टिकचा टब, पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो, तो ब्रशनं निघतो. दोन सूचना: हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन निघतो, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. स्प्रिंगा यात टाकू नका, पोलाद ठिसूळ होण्याची भीती असते. बोल्ट आणि बिजागऱ्यांना पत्नीनं सुचवलेलं चिंचेचं पाणीच पुरलं. तिच्या घरात पितळी समया त्यानंच घासतात.

इंजिन अडकलं होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, आठ दिवस वाट पाहिली, मग पान्यानं हातानं फिरवलं. फिरलं. स्टार्टर मारून जबरदस्ती केली असती तर रिंगा मोडल्या असत्या. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. काचेची रबरं, मागच्या दिव्यांची भिंगं यांच्यासाठी चेन्नईच्या पुदुपेट्टैला सहा फेऱ्या झाल्या. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग डोंगरासारखे रचलेले असतात. सगळं धरून खर्च साडेसहा लाख. एवढ्यात चांगली वापरलेली गाडी मिळते, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

पैसे मित्राच्या मुलाचे. तो डेट्रॉइटजवळ नोकरी करतो. तिथे दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते, हजारो मसल कार रस्त्यावर असतात. ती पाहून आल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला. "अंकल, मॅट ब्लॅक करा. बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, रुंद चाकं. आणि जमलं तर एखादं व्ही-८ बसवा. बाबांची गाडी खरी मसल कार होऊ दे."

व्ही-८ चा विषय मी दोन मिनिटांत मिटवला. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या ब्रेकवर आणि त्या पत्र्यावर तेवढं इंजिन टाकणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीला जुंपणं.

रंगाचं तसं नव्हतं. रंग बदलता येतो, आरसी बुकात नोंद करून घ्यायची, बस्स. पैसे त्याचे, गाडी त्याच्या वडिलांची. मी नाही कशाच्या जोरावर म्हणायचं?

मी भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पांढरी होती, पांढरीच राहू दे." आणि त्याच आठवड्यात मेस्त्रींनी डिकीच्या झाकणाचा रंग घासायला घेतला, तर पांढऱ्याखाली राखाडी प्रायमर आणि त्याखाली लखलखीत मरून निघाला. म्हणजे कारखान्यातून गाडी मरून आली होती! भाभींनाही आठवेना. मग हळूहळू आठवलं. १९९४ मध्ये त्यानं ती दुसऱ्या हाताची घेतली तेव्हा मरून होती. मुलीच्या जन्माच्या वर्षी, काश्मीरमधून रजेवर आल्यावर, त्यानं पांढरी करून घेतली. का, ते सांगितलं नव्हतं. ती मुलगी चार वर्षांची होऊन तापानं गेली. तेवढं सांगून भाभींनी चहा आणायला सांगितला.

जुन्या गाड्यांचे शौकीन या ठिकाणी डोळे झाकून सांगतील: कारखान्याचा रंग तोच खरा. मला ते पटलं नाही. मी इथल्या मोठ्या देवळात गेलो. बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवती अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. त्याच्या भिंतींवर नायक काळातली चित्रं होती. १९३१ मध्ये गोविंदस्वामी नावाच्या अभ्यासकाला त्यांच्याखाली चोळांच्या काळातली चित्रं दिसली. जुनं ते खरं म्हणून वरचं खरवडून टाकता आलं असतं. पुरातत्त्व खात्यानं काही ठिकाणी वरचा थर अलगद सोडवून वेगळा चढवला आणि दोन्ही जपले. त्याच देवळाच्या भिंतीवर सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांच्या दगडावर मराठी अक्षरं! मूळ रूपाचा हट्ट धरायचा तर तीही पुसावी लागतील. आणि ती पुसली तर माझ्या सासरच्या माणसांचा इथला पुरावा काय?

मी मुलाला फोन केला. मरूनची गोष्ट सांगितली, बहिणीचं वर्ष सांगितलं. बहीण होती हे त्याला माहीत होतं, पण तो तिच्यानंतर जन्मला. रंगाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पांढरा किती पांढरा होता? शेड जुळेल का?"

जुळवली. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागे ऊन न लागलेला रंगाचा तुकडा होता, त्यावरून. बाहेर सगळीकडे झिंक प्रायमर, त्यावर तो पांढरा. डिकीच्या झाकणाची आतली बाजू मात्र आम्ही घासली तशीच ठेवली आहे. तिथे पांढरा, राखाडी आणि मरून तिन्ही पट्टे दिसतात, वर फक्त लॅकर. चाकं मूळचीच. रुंद टायर हवेत हा मुलाचा हट्ट अजून आहे, आणि मी अजून नाही म्हणतोय.

कागदपत्रांचं एक सांगून थांबतो. सरकारी व्याख्येत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी. कॉन्टेसा त्यात बसत नाही. ती धड जुनी नाही, धड नवी नाही. त्यामुळे तिला फॉर्म २५ भरून, तपासणी करून, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. गाडी उभी असतानाच मुदत संपली असेल तर आधी कागदांकडे बघा, मग पत्र्याकडे; आणि चासी नंबर कोरलेला भाग घासताना मशीन लावू नका, हातानं घासा. तो नंबर पुसट झाला तर गाडी कितीही चकाचक असो, तिला कागदावर जागा नाही.

मेस्त्रींच्या हाताखाली सध्या कुणी शिकाऊ नाही. त्यांचा नातू मोबाइलच्या दुकानात बसतो. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे डॉली-हातोडी धरायला शिकतोय. माझा पत्रा अजून लाटेसारखाच येतो. तंजावर भागातल्या कुणाला यायचं असेल तर या. तमिळ येत नसलं तरी चालेल, त्यांचं बोलणं बहुतेक हातोडीनंच असतं.