केसाहून बारीक चाळण

जेवणाला अजून थोडा अवकाश आहे असं स्वयंपाकघरातून कळलंय, तेवढ्यात आमचं सांगून होईल.

आजचा निधी कर्करोग संशोधनासाठी आहे. या संशोधनातला, आपल्या मँचेस्टरशी जोडलेला एक छोटा भाग आम्ही सांगणार आहोत.

गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात आढळतात, हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ साली नोंदवलं. अडचण आहे ती त्या वेगळ्या काढण्याची. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या काही दशलक्ष, आणि कर्करोगाच्या बऱ्याचदा दोन-चारच. पोतंभर गव्हातले खडे निवडणं त्यापुढे काहीच नाही!

उपाय मात्र घरचाच : चाळण. काडेपेटीएवढ्या पट्टीत एक मार्ग कोरलेला असतो, तो पायरीपायरीने अरुंद होत जातो. शेवटची फट दहा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाची. तांबडी पेशी लवचिक, ती अंग चोरून निसटते. गाठीची पेशी सहसा मोठी आणि ताठर, ती अडकते. मग उलटा प्रवाह सोडून तिला बाहेर काढतात.

इतक्या बारीक वाटेत प्रवाह गडबड करत नाही, तो का, हे समजायला आपल्याच गावात यावं लागतं. १८८३ मध्ये ओवेन्स कॉलेजचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. पाणी सावकाश असेतो धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढल्यावर भोवरे उठले. नळी जितकी बारीक, तितके भोवरे अवघड. केसाएवढ्या वाटेत ते जवळजवळ उठतच नाहीत, त्यामुळे कुठला कण कुठे जाईल हे आधीच ठरवता येतं. रेनॉल्ड्स यांचं ते उपकरण विद्यापीठाने अजून जपून ठेवलंय.

फुप्फुसाच्या 'स्मॉल सेल' कर्करोगात याचं मोल फार. रोग कळेपर्यंत तो बहुधा पसरलेला असतो, शस्त्रक्रिया क्वचितच होते आणि गाठीचा तुकडा पुन्हा पुन्हा काढणं रुग्णाला झेपत नाही. रक्त मात्र अनेकदा देता येतं. इथल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातून अशा पेशी मिळवून त्या उंदरांमध्ये वाढवल्या. औषधाचा परिणाम त्या उंदरांतही मूळ रुग्णासारखाच दिसला. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. वर सांगितलेल्या चाळणीची याच रोगाच्या रुग्णांच्या रक्तावर इथे झालेली पारख २०१६ मध्ये छापून आली.

“मग आम्हीही करून घेतो ही तपासणी,” असं कुणी म्हणेल. थांबा. निरोगी माणसाची चाचणी म्हणून ही वापरली जात नाही, आणि पेशी सापडल्या नाहीत म्हणजे रोग नाही असंही नव्हे. मात्र खोकला तीन आठवडे हटला नाही, तर इथल्या थंडीला बोल लावत आल्याच्या काढ्यावर दिवस काढू नका, जीपीची वेळ घ्या.