ग्रामसभेची कामे लिहा : गुण पाच

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘ग्रामसभेची कामे लिहा’ या प्रश्नाला मला नागरिकशास्त्रात पाचापैकी पाच गुण मिळाले होते. बाई, पेपर तुम्हीच तपासला होता. आज तुमच्यासमोर कबूल करतो, इन्सुलीच्या एकाही ग्रामसभेला मी गेलेलो नाही. शाळा संपली आणि मुंबईची गाडी पकडली.

त्या उत्तराची किंमत मुंबईतच कळली. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला आणि हरकती-सूचना मागवल्या. रस्ता कुठे, मैदान कुठे, दवाखाना कुठे, सगळं त्यात. आमच्या चाळीत रविवारी कॅरमबोर्डावर नकाशा पसरला. आपली चाळ नेमकी कुठे, हे शोधण्यातच तास गेला. मग सिटी सर्व्हे नंबर काढले, अर्ज लिहिले, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. “आपलं कोण ऐकतंय?” म्हणणारे होतेच, मीही त्यातलाच.

पण शहरभरातून हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने तपासून दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. लोकांचं सगळंच मान्य झालं असं नाही. मी मात्र एक शिकलो. नुसतं ‘अन्याय होतोय’ लिहून भागत नाही. कोणती जागा, काय चुकलं, काय हवं, हे मुदतीत लिहून द्यावं आणि पोच घ्यावी.

तरीही ती हरकतच. दुसऱ्याने आखून झाल्यावर आपण बोलायचं. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण मतदारांची सभा दिली नाही. गावाला ती आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा थेट घटनेत आली. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा.

गणपूर्ती किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते. तीच सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसल्याने निर्णय थांबत नाहीत. ते आलेल्या चार माणसांवर पडतात.

मागच्या चतुर्थीला हे एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “तू मुंबयत रवतंस, तुका काय?” खरं आहे. माझं नाव तिथल्या मतदारयादीत आहे. इथे हात वर करायचा हक्क मी गमावलाय. तुमच्यापैकी जे गावात आहात, त्यांच्याकडे तो आहे.

म्हणून एकच मागणं. पुढच्या ग्रामसभेची नोटीस वाचा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. एक प्रश्न लेखी न्या आणि येताना दोन शेजारी घेऊन या. मैत्रिणींनो, महिलांची सभा सोडू नका. नकाशा वाचायला, अर्ज लिहायला मदत लागली तर मुंबईहून एक फोन करा, मी बसेन.

बाई, त्या पाच गुणांचं प्रात्यक्षिक माझ्याकडून राहिलं. वर्गातल्या बाकीच्यांनी ते पूर्ण करावं.