शहराची ओळख : शिक्षणाचा पहिला धडा



बारावीचा निकाल लागतो, गावात पेढे वाटले जातात आणि मुलगा किंवा मुलगी पुण्यासारख्या शहरात महाविद्यालयात प्रवेश घेते. प्रवेश मिळाला म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी पालकांची, शिक्षकांची व गावकऱ्यांची समजूत होते. वस्तुतः कसोटीचा काळ त्यानंतर सुरू होतो. अभ्यासात कमी नसलेली मुलेसुद्धा अनोळखी शहरात पहिल्या काही महिन्यांत खचू शकतात. जागा मिळत नाही, खानावळीचा खर्च झेपत नाही, विचारायचे कोणाला हे कळत नाही. अशा वेळी दिवाळीच्या सुटीत गावी आलेला मुलगा परत जाण्याचे टाळू लागतो. त्याचे शिक्षण थांबले तर त्यात केवळ त्याचे नव्हे, साऱ्या गावाचे नुकसान असते.

प्रश्न निवाऱ्याचा

शहरात पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा, आणि तो केवळ पैशाचा कधीच नव्हता. परदेशात उच्च शिक्षण घेऊन 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जातीमुळे राहती जागा सोडावी लागली. जेथे एवढ्या विद्वानाची ही गत झाली, तेथे खेड्यातून आलेल्या सामान्य विद्यार्थ्याची काय कथा! हे दुखणे ओळखूनच राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. पुण्यात 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समितीची स्थापना झाली आणि ग्रामीण भागातील गरजू मुलांना तिच्या वसतिगृहांचा आधार लाभला. वसतिगृह हे शिक्षणाचे अर्धे अंग आहे, हे या सर्वांनी कृतीने दाखवून दिले.

शासकीय वसतिगृहांत सर्वांना प्रवेश मिळतोच असे नाही. अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. भोजन व निवासासाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. परंतु अर्ज करावयाचा म्हणजे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते ही सर्व सिद्धता हवी. ती गावी व तालुक्याच्या ठिकाणीच करावी लागते. शहरात गेल्यावर एका दाखल्यासाठी परत फिरावे लागले, तर भाडे जाते, तासिका बुडतात आणि प्रसंगी मुदतही टळते.

पायांनी शिकलेला नकाशा

निवारा मिळाल्यानंतर शहर समजून घ्यावे लागते. पुण्याचेच उदाहरण पाहू. सातही वारांच्या नावांच्या पेठा येथे आहेत. मात्र शनिवार पेठेला लागून रविवार पेठ असेल असे मानणाऱ्याची फसगत होते, कारण मध्ये बुधवार पेठ येते. तथापि एक खूण ध्यानात ठेवली की गोंधळ कमी होतो. ती खूण म्हणजे मुठा नदी. तिच्या एका काठाला जुन्या पेठा, तर दुसऱ्या काठाला डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर व त्यापलीकडे गणेशखिंडीत 1949 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ. 2014 पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. नदी आणि तिच्यावरील पूल ओळखीचे झाले की निम्मे शहर ओळखीचे झाले, असे समजावे.

पहिल्या काही रविवारी विद्यार्थ्याने शहर पायी पाहावे. बुधवार पेठेत 1848 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुणे नगर वाचन मंदिर या ग्रंथालयाचा आरंभही त्याच वर्षीचा. एकाच शहरात, एकाच वर्षी ज्ञानाची दोन दारे उघडली गेली, हे जेव्हा खेड्यातून आलेल्या मुलीस कळते, तेव्हा हे शहर आपलेही आहे, अशी भावना तिच्या मनात रुजते. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, महाविद्यालयाचे ग्रंथालय, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, बसचा सवलतीचा पास, जवळचा सरकारी दवाखाना, पोलीस चौकी या गोष्टी पहिल्याच महिन्यात माहीत व्हावयास हव्यात. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. तिच्यात काम करणे कमीपणाचे नाही, हेही मुलांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

भीड आणि भाषा

सर्वांत मोठा अडसर मात्र भिडेचा असतो. आपली बोली ऐकून कोणी हसेल, या धास्तीने मुले वर्गात शंका विचारीत नाहीत. बोली ही उणीव नव्हे, हे शाळेतच शिक्षकांनी ठसविले पाहिजे. रॅगिंगविरुद्ध राज्यात 1999 पासून कायदा आहे. त्रास मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. खोली घेताना अनामत रकमेची पावती घ्यावी आणि करार वाचल्याखेरीज सही करू नये, ही साधी दक्षताही कोणी तरी सांगावी लागते.

गावाने काय करावे?

याकरिता मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने शहरात शिकणाऱ्या व शिकून स्थिरावलेल्या गावकऱ्यांची यादी त्यांच्या संमतीने ठेवावी व नव्या विद्यार्थ्याची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. शिक्षकांनी परीक्षा संपताच दाखल्यांची तयारी करून घ्यावी. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या अर्जांना अग्रक्रम द्यावा. आणि सुटीत मुलगा गावी आला की सरपंचांनी गुण विचारण्याआधी एवढे अवश्य विचारावे : "जेवण्याराहण्याची सोय नीट आहे ना? कोणी ओळखीचे झाले का?"

या प्रश्नाचे उत्तर वेळीच कळले, तर अर्ध्या वाटेवरून परतणारे एखादे पाऊल नक्कीच सावरता येईल.