मांजरेकाठचे पाणघोडे

बीदर जिल्ह्यात शिरण्याआधी मांजरा नदी लातूर जिल्ह्यातून वाहते. तिथे हरवाडीजवळ, तिच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्यांची जीवाश्म हाडं सापडली. होय, पाणघोडे! आज आफ्रिकेत राहणाऱ्या पाणघोड्याचा हा नातलग हजारो वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यात डुंबत होता. खोल डोह आणि मुबलक गवत असल्याशिवाय पाणघोडा जगत नाही. मग तेव्हाची मांजरा केवढी भरलेली असेल! पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या खोऱ्यातल्या हाडांचा अभ्यास केला आहे. पाहायला जायचं तर उन्हाळ्यात जा, पाणी ओसरल्यावर दरडींतले थर स्पष्ट दिसतात. हाड दिसलंच, तर कृपया उपटू नका. जागेसकट फोटो काढा आणि अभ्यासकांना कळवा. थरातून सुटलेल्या हाडाचं वय ठरवणं फार अवघड जातं.